रिकामा रकाना

गुणवंत रंगारीला गोरखपूरच्या बाजारातल्या त्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं झाली होती, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या हातून एकही नमुना सांडला नव्हता की दुसऱ्याच्या नावावर चढला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, कुणी विचारलं नसलं तरी. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याला पहिला घास गिळायच्या आत कळायचं, की आपण कुणाच्या शेजारी बसलो आहोत. अर्ध्या मोहल्ल्याची शुगर त्याला तोंडपाठ होती आणि ती तो कुणाला सांगत नसे, हा त्याचा दुसरा अभिमान. एका माणसाला दोन अभिमान म्हणजे जरा जास्तच, पण लोक चालवून घेत होते.

म्हणून तर २०२२च्या फेब्रुवारीत विनतावहिनी त्याच्याकडे आल्या. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची, श्रीकांतची बायको. सरकारी शाळेत शिकवायच्या, वय एकोणपन्नास, बोलणं मोजकं. त्या दुपारी लॅबच्या मागच्या दाराने आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा, आणि डब्यात झाकण घट्ट लावलेली छोटी बाटली. बाटलीत गढूळ, पिवळसर पाणी होतं.

"भाऊजी, उजव्या बाजूला दोन महिन्यांपासून सूज येऊन राहिली. डॉक्टरीणबाईंनी आज सुईने हे काढलं," त्या म्हणाल्या. मग चार घड्या घातलेला कागद त्याच्या हातात ठेवला. "फॉर्मवर मी सगळं लिहून आणलं आहे. तोंडाने नाही सांगता यायचं मला. तुम्ही वाचा, बस."

चहाला थांबा म्हणेपर्यंत त्या पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा.

गुणवंतने कागद उघडला. फळ्यावर लिहितात तसं वहिनींचं गोल, सुटं अक्षर. नाव, वय, आणि खाली 'हिस्टरी'च्या रकान्यात तीन ओळी. 'दोन्ही स्तनांमध्ये सिलिकॉनचे इम्प्लांट. नागपूर, २०१२. स्वतःच्या इच्छेने.'

त्याचे कान गरम झाले. त्याने दार लोटून घेतलं आणि पुन्हा वाचलं.

दहा वर्षांपूर्वी वहिनी नागपूरला जाऊन ऑपरेशन करून आल्या होत्या. घरी सांगितलं होतं की छातीत गाठ होती, काढली, आता काळजी नाही. त्यावर कुणी फाटे फोडले नाहीत. आईने, भीमाबाईने तर त्या वर्षापासून दर पौर्णिमेला उपोसथ धरला होता. पांढरं लुगडं नेसायचं, आठ शीलं घ्यायची, दुपारनंतर अन्नाला शिवायचं नाही, का तर सुनेची गाठ परत येऊ नये. सत्तरी ओलांडली तरी म्हातारीने एक पौर्णिमा चुकवली नव्हती. आणि गाठ नव्हतीच कधी! श्रीकांतदादाला हे माहीत असणारच. बायकोच्या छातीत काय आहे हे नवऱ्याला माहीत नसेल तर कुणाला असेल? म्हणजे आई आणि गुणवंत, दोघंच इतकी वर्षं खुळ्यासारखी काळजी करत होती.

त्याला वहिनींचा राग आला. रागापेक्षा जास्त लाज वाटली, जणू न विचारता तो त्यांच्या खोलीत शिरला होता. आणि सगळ्यात जास्त भीती वाटली ती भैयालालची.

भैयालाल म्हणजे पुढच्या टेबलावरचा माणूस. रंगारींच्याच गल्लीत राहायचा. त्याची एक पद्धत होती. प्रत्येक फॉर्म तो खणखणीत आवाजात वाचायचा आणि शेजारची मुलगी तो ऐकून कॉम्प्युटरवर टाकायची. नाव, वय, मोहल्ला, हिस्टरी, सगळं. बाकावर बसलेले पेशंट माना वळवून ऐकायचे. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, गुणवंतलाही एकोणीस वर्षांत वाटलं नव्हतं. आज त्याला तो आवाज आधीच ऐकू आला. विनता रंगारी, उम्र उनचास, दोनों तरफ सिलिकॉन, स्वतःच्या इच्छेने. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या नळावर पोचलं असतं. दोन दिवसांत विहारात. रंगारींच्या घराची पार शोभा झाली असती.

त्याने कपाटातून कोरा फॉर्म काढला. नाव लिहिलं, वय लिहिलं, 'उजव्या स्तनातली सूज, सुईने काढलेलं पाणी' एवढं लिहिलं. हिस्टरीचा रकाना रिकामा ठेवला. वहिनींच्या हातचा कागद फाडून पिवळ्या पिशवीत टाकला. ती पिशवी रोज संध्याकाळी जाळायला जायची.

एवढ्यावर थांबला असता तरी कदाचित भागलं असतं. पण लॅबचे डॉक्टर खेर जुन्या वळणाचे. स्लाइडला डोळा लावण्याआधी ते हिस्टरी वाचायचेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी आतून हाक मारली, "गुणवंत, हा रकाना रिकामा का?"

"काही विशेष नाही, सर. घरचीच पेशंट आहे. माझी वहिनी. साधी सूज आहे."

"आधीचं ऑपरेशन वगैरे?"

"नाही, सर."

एकोणीस वर्षांचा विश्वास होता. खेर सरांनी मान हलवली आणि डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. रिपोर्ट आला की जुनाट दाह आहे, संसर्ग असू शकतो, काही पेशी मोठ्या दिसतात, सूज टिकली तर पुन्हा तपासावं. डॉक्टरीणबाईंनी वाचलं, त्यांना हायसं वाटलं, त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. आठवड्याने नियमाप्रमाणे उरलेलं पाणी गुणवंतनेच बेसिनमध्ये ओतलं.

मार्चमध्ये सूज उतरली. गुणवंतला वाटलं, घराची अब्रूही राखली आणि वहिनींचं दुखणंही गेलं. स्वतःवर तो जरा खूशच होता, हे इथे लिहून ठेवलं पाहिजे. जूनमध्ये सूज परत आली. पुन्हा गोळ्या. ऑगस्टमध्ये वहिनींना आंघोळ करताना कडेला सुपारीएवढी कडक गाठ लागली. सप्टेंबरात डॉक्टरीणबाई घाबरल्या आणि त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

त्या खोलीत चौघं होते. डॉक्टर, वहिनी, श्रीकांतदादा, आणि रिपोर्ट समजावून घ्यायला म्हणून दादाने सोबत आणलेला गुणवंत. डॉक्टर तरुण होते, हिंदीत बोलत होते, पण भराभर नाही. वहिनींनी इम्प्लांटचं सांगितल्यावर म्हणाले, शंका खरी निघाली तर हा नेहमीचा स्तनाचा कॅन्सर नाही. इम्प्लांटच्या भोवती शरीर एक पातळ पिशवी तयार करतं, त्या पिशवीत क्वचित एखादीला लिम्फोमा होतो. खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटमध्ये जास्त दिसतो, आठ-दहा वर्षांनी. सुरुवातीला नुसतं पाणी साठतं.

"पानी की जाँच हुई थी ना? उसमें इसके लिए खास जाँच क्यों नहीं हुई?" त्यांनी फाइल चाळली आणि लॅबच्या फॉर्मची प्रत वर काढली. "अरे, इसमें तो इम्प्लांट लिखा ही नहीं है. पैथोलॉजिस्ट को मालूम ही नहीं होगा तो वो ढूँढेगा क्या?"

त्यांनी तो कागद टेबलावर वहिनींच्या समोर सरकवला.

वहिनींनी पाहिलं. पंचवीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेली बाई, तिला अक्षर ओळखायला कितीसा वेळ लागतो. आता त्या मान वर करतील, माझ्याकडे पाहतील आणि दादासमोर बोलतील, असं त्याला वाटलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"मैंने ही मना किया था, सर," त्या म्हणाल्या. "शर्म आ रही थी."

"आप टीचर हैं ना? पढ़ी-लिखी होकर ऐसा करती हैं?" डॉक्टर वैतागले होते, आणि वैतागले ते बरोबरच होतं. "फरवरी में पकड़ लेते तो शायद सिर्फ ऑपरेशन में काम हो जाता. अब गाँठ बन गई है. कीमो भी लगेगी."

वहिनी मान खाली घालून ऐकत राहिल्या. शाळेत उशिरा आलेली मुलं त्यांच्यासमोर उभी राहायची, तशा. श्रीकांतदादाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, "काहून लपवलं गं?" गुणवंत खुर्चीत बसून होता. एक वाक्य होतं, चार शब्दांचं. ते त्याच्या तोंडात आलं आणि त्याने गिळलं. डॉक्टर पुढच्या तपासण्या लिहू लागले, आणि मग बोलायची वेळच गेली.

नवं पाणी काढलं, जुनी स्लाइडही लॅबच्या पेटीतून काढून दोन्ही मुंबईला खास तपासणीला पाठवली. दोन्हींचं उत्तर एकच आलं. लिम्फोमा. फेब्रुवारीतही होता. खेर सरांनी तो रिपोर्ट वाचून चष्मा काढून ठेवला.

"मी तुला विचारलं होतं, गुणवंत."

"हो, सर."

"सुधारित रिपोर्ट मी लिहितो. त्या डॉक्टरांना फोनही मी करतो, की आमच्याकडून राहिलं. घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ."

त्या दिवसापासून खेर सर प्रत्येक फॉर्म घेऊन स्वतः पेशंटला विचारू लागले, आणि भैयालालचं मोठ्याने वाचणं बंद झालं. गुणवंतवर ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

नागपूरला ऑपरेशन झालं. दोन्ही इम्प्लांट आणि भोवतीची पिशवी अखंड काढली, गाठही काढली. मग तीन-तीन आठवड्यांनी सहा कीमो. गुणवंतने धावाधाव केली ती विचारू नका. तिकिटं त्याने काढली, रक्त द्यायला माणसं त्याने उभी केली, सगळी रजा संपवली. प्रत्येक कीमोच्या आधी वहिनींचं रक्त घ्यायला तो घरी जायचा. तिसऱ्या कीमोपर्यंत त्यांचे केस गेले होते, भुवयाही गेल्या होत्या, आणि हाताच्या नसा आत दडल्या होत्या. एकोणीस वर्षांचा हात, पण वहिनींच्या दंडाला पट्टा बांधला की तो नस दोन-दोनदा चाचपून बघायचा.

एकदा घरात कुणी नव्हतं. त्याने धीर केला. "वहिनी, तो फॉर्म..."

"नस सापडली का, भाऊजी?" वहिनी खिडकीकडे पाहत म्हणाल्या.

"हो."

"मग टोचा. हात दुखून राहिला."

त्याने टोचलं. त्यानंतर त्याने विषय काढला नाही. वहिनींनीच तर नको म्हटलं, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. शिवाय दुसरं कारण त्याहून मोठं होतं. खरं सांगायचं तर इम्प्लांटचंही सांगावं लागणार, आणि ती वहिनींची खाजगी गोष्ट. आईला अजूनही जुनी गाठच परतली असं वाटत होतं. आपण बोलायचं आणि वहिनींची लाज चव्हाट्यावर मांडायची? छे! वहिनींसाठी गप्प राहिलंच पाहिजे. इतकं सोयीचं कर्तव्य माणसाला रोज सापडत नाही. तरी जेवताना घास फिरायचा. आई म्हणायची, "वहिनीची किती काळजी करतो माझा लेक," आणि त्याच्या पानात आणखी भाजी वाढायची. ती भाजी खाताना त्याला स्वतःची शिसारी यायची.

जानेवारीच्या शेवटी कीमो संपली. फेब्रुवारीत तपासणी झाली, कुठे काही दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले की वर्षानुवर्षं लक्ष ठेवू, पण आत्ता सगळं चांगलं आहे. भीमाबाईने लगेच जाहीर केलं की मार्चच्या पहिल्या रविवारी विहारात भोजनदान द्यायचं.

त्या रविवारी विहार भरलं होतं. बुद्धवंदना झाली, मग सगळ्यांनी पंचशील म्हटलं. चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतात तिथे, गुणवंतचा आवाज फुटेना. नुसते ओठ हलले. शेजारी श्रीकांतदादा मोठ्याने म्हणत होता.

वंदना संपल्यावर महिला मंडळाच्या पार्वताबाई माइकपाशी गेल्या. पार्वताबाईंच्या हाती माइक आला की तो परत मिळेपर्यंत वरण थंड होतं. त्यांनी विनताच्या हिमतीचं कौतुक केलं, मग म्हणाल्या, "आणि आपले गुणवंतभाऊ! नागपूरच्या किती चकरा मारल्या, भैया! दीर असावा तर असा. आज मंडळाकडून त्यांचा सत्कार आहे." टाळ्या झाल्या. गुणवंतच्या हातात निशिगंधाचा गुच्छ आला. "पण आधी विनताताई दोन शब्द बोलतील."

वहिनी उठल्या. पांढरी साडी, डोक्याला पांढराच रुमाल, त्याच्या खालून केसांची जेमतेम लव दिसत होती. माइक त्यांनी खाली केला.

"दहा वर्षांपूर्वी मला गाठ नव्हती झाली," त्या म्हणाल्या. "मी छातीत सिलिकॉन बसवून घेतलं होतं. कुणी जबरदस्ती नव्हती केली. दोन लेकरांनंतर आरशात पाहिलं की मन खट्टू व्हायचं, म्हणून. घरी सांगायची लाज वाटली, म्हणून गाठ सांगितली. आता जो कॅन्सर झाला तो त्या सिलिकॉनच्या भोवती झाला. तो फार कमी बायांना होतो, पण होतो. तुमच्यापैकी कुणी, तुमच्या लेकीसुनांपैकी कुणी काही बसवलं असेल, आणि एका बाजूला सूज आली, तर डॉक्टरला पहिलं हे सांगा. माझ्यासारखं दहा वर्षं लपवू नका."

पुढच्या रांगेतून भीमाबाई म्हणाली, "म्हणजे गाठ नव्हतीच?"

"नव्हती, आई."

"अन् मी दर पौर्णिमेला उपाशी?"

मागे कुणीतरी हसलं आणि चटकन थांबलं.

"हो, आई. दर पौर्णिमेला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं."

भीमाबाई सुनेकडे बघत राहिली. तिचा चेहरा रागाचा होता की रडवेला, ते गुणवंतला कळेना. मग ती पदर सावरत म्हणाली, "बरं, बस आता खाली. उभी राहून चक्कर येईन तुला."

"बसते. एकच राहिलं." वहिनींनी पुन्हा माइक धरला. "पाणी तपासायला दिलं, तेव्हा फॉर्मवर मी सगळं खरं लिहिलं होतं." एवढं बोलून त्या आपल्या जागी जाऊन बसल्या.

श्रीकांतदादाची मान वर झाली. डॉक्टरांच्या खोलीत तर हिने उलटं सांगितलं होतं. तो बायकोकडे बघत होता आणि बायको समोर बघत होती.

"तर आता गुणवंतभाऊ," पार्वताबाई गडबडून म्हणाल्या आणि त्यांनी माइक त्याच्या हातात दिला.

गुणवंत उभा राहिला. एका हातात गुच्छ, दुसऱ्या हातात माइक. धन्यवाद म्हणून बसता आलं असतं. सगळ्यांना भुका लागल्या होत्या, कुणी अडवलं नसतं. पण वहिनींची लाज झाकायला गप्प आहोत, असं आता म्हणता येणार नव्हतं. ती त्यांनी स्वतःच दोन मिनिटांत सगळ्यांसमोर उघडी करून ठेवली होती. उरली होती ती फक्त त्याची.

"तो फॉर्म मी फाडला," तो म्हणाला.

लोकांना कळलं नाही. त्याने पुन्हा सांगितलं. "वहिनींनी लिहिलं होतं. मी लॅबमध्ये नवा फॉर्म केला आणि त्यातून सिलिकॉनचं गाळलं. लोक वाचतील, घराची बदनामी होईल, म्हणून. सरांनी विचारलं तेव्हाही खोटं बोललो. वहिनींनी डॉक्टरांसमोर माझ्यासाठी बोलणी खाल्ली आणि मी शेजारी बसून ऐकली."

श्रीकांतदादा उठला. दारापर्यंत गेला आणि बाहेर तोंड करून, पाठ वळवून उभा राहिला. भीमाबाईने तोंडाला पदर लावला. सांगून टाकलं, झालं, असं म्हणून तो बसायला वाकला.

"बसू नका, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. वर्गात एखादं पोर अर्ध्यावर थांबलं तर बोलतात तसा होता. "त्याने काय झालं तेही सांगा. सुधारित रिपोर्ट मी वाचला आहे, तुमच्या दादांना अजून माहीत नाही. माझ्या तोंडून नाही, तुमच्या तोंडून ऐकू द्या त्यांना."

गुणवंतने गुच्छ जमिनीवर ठेवला. दोन्ही हातांनी माइक धरला आणि भावाच्या पाठीकडे पाहिलं.

"दादा," तो म्हणाला, "त्या जुन्या स्लाइडचा मुंबईचा रिपोर्ट मी वाचला आहे. फेब्रुवारीतही त्यात कॅन्सर होता. तेव्हा गाठ नव्हती. तेव्हा नुसतं पाणी होतं."